अनुभवाला शास्त्राची जोड हवी

उसाच्या फडात उभे असलेले तोडणी यंत्र आणि त्याच्याभोवती चिंताक्रांत चेहऱ्यांनी जमलेली माणसे, हे दृश्य आता पश्चिम महाराष्ट्राला अपरिचित राहिलेले नाही. गेल्या गाळप हंगामात असेच एक बंद पडलेले यंत्र जवळून पाहण्याचा योग आम्हांला आला. सकाळच्या गारव्यात यंत्र व्यवस्थित चाले. ऊन चढले, तेल तापले, की बुडखा कापणाऱ्या पात्यांची गती मंदावे आणि दुपारी ती जवळजवळ थांबतच. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आले. अठरा वर्षे याच कामात घालवलेला, पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. त्यांनी पंपावर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला आणि निदान केले, ‘पंप बसला.’ नवा पंप मागवण्यात तीन दिवस गेले. तो बसवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाती पुन्हा मंदावली. मग रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळून पाहिला. त्याने तासभर बरे वाटले, इतकेच. अखेरीस एक तंत्रज्ञ दोन गेज आणि तेलाचा प्रवाह मोजणारे एक उपकरण घेऊन आला. पाऊण तासात दोष सापडला. झिजलेल्या होज पाइपच्या आतील रबराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला होता. काढून ठेवलेला जुना पंप ठणठणीत होता.

यंत्राचा मालक पंचविशीतला, बँकेचे कर्ज डोक्यावर असलेला तरुण होता. हंगामातले पाच दिवस आणि पंपाची मोठी रक्कम त्याने गमावली. ज्या शेतकऱ्यांच्या तोडीची पाळी या यंत्रावर अवलंबून होती, त्यांचा ऊस तसाच उभा राहिला. परंतु त्या दिवशी आमच्या मनात घर करून राहिले ते मिस्त्रींचे एक वाक्य. परत निघताना, हात पुसत ते म्हणाले, “साहेब, तेल गरम झालं की ताकद जाते, हे मला अठरा वर्षं माहीत आहे. का जाते, ते मात्र कुणी सांगितलं नाही.”

या एका वाक्यात आपल्या तंत्रशिक्षणातील एक मोठी उणीव सामावलेली आहे. नवशिक्यासाठी आपल्याकडे शाळा आहे, अभियंत्यासाठी महाविद्यालय आहे. पंधरा-वीस वर्षे यंत्राशी झुंजलेल्या आणि आणखी वीस वर्षे झुंजणार असलेल्या कारागिरासाठी मात्र फारसे काही नाही. तो शिकण्याच्या पलीकडे गेला आहे, असे आपण गृहीत धरले आहे. वस्तुतः शिकण्यासाठी त्याच्याइतका योग्य विद्यार्थी दुसरा नाही.

या विषयाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी हायड्रोलिक यंत्रणा म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध शालेय पुस्तकातील पास्कलच्या नियमापुरता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्कल याने सांगितले. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोचा भार दिला, तर त्याला तेलाने जोडलेल्या शंभर चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर एक हजार किलो उचलले जातात. अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर यायचा, तर लहान दट्ट्याला शंभर सेंटिमीटर चालावे लागते. या तत्त्वावर १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रॅमा याने हायड्रोलिक प्रेसचे पेटंट घेतले. आज रस्ता खोदणारे पोकलेन, माती उपसणारा जेसीबी, ट्रॅक्टरची मागची उचल, डंपरचा हौदा, प्लॅस्टिकच्या बादल्या ओतणारे मोल्डिंग यंत्र, कारखान्यातील प्रेस आणि उसाच्या फडातील तोडणी यंत्र ही सारी त्याच नियमाची लेकरे आहेत. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. ते आज खेड्यापाड्यातील मराठी माणसाच्या तोंडी सामान्यनाम होऊन बसले आहे. यंत्र आपल्या भाषेत रुळले. त्याचे शास्त्र मात्र अजून रुळायचे आहे.

मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण दोन बार असतो. मोठ्या पोकलेनमध्ये तेलाचा दाब साडेतीनशे बारच्या आसपास जातो. म्हणजे नखाएवढ्या जागेवर साडेतीनशे किलोहून अधिक भार. एवढी शक्ती ज्या नळ्यांतून वाहते, तिच्याशी मिस्त्री रोज खेळतो, आणि ती आकळण्याचे त्याचे साधन काय, तर कान, हाताचा तळवा आणि आठवण.

ही साधने क्षुल्लक आहेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पंप हवा ओढू लागला की त्याचा आवाज कसा बदलतो, तापलेल्या तेलाचा वास कसा येतो, कोणत्या यंत्राचा कोणता जॉइंट आधी सुटतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते वर्षानुवर्षांच्या साधनेतून येते आणि उस्तादाकडून हेल्परकडे, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आपल्या समाजात कारागिरीची परंपरा याच मार्गाने टिकली. परंतु या परंपरेला एक मर्यादाही आहे. उस्तादाची चूकदेखील तितक्याच निष्ठेने पुढे दिली जाते.

अशा चुकांपैकी सर्वांत खोलवर रुजलेली एक चूक म्हणजे, ‘पंप दाब देतो’ ही समजूत. पंप दाब देत नाही. पंप तेलाचा प्रवाह देतो. त्या प्रवाहाला पुढे अडथळा झाला, की दाब निर्माण होतो. बागेतील नळीचे तोंड मोकळे असेल तर पाणी नुसते पायाशी पडते. तोंडावर अंगठा धरला की तेच पाणी जोराने उडते. नळाने त्या क्षणी अधिक पाणी दिलेले नसते. अडथळा आला म्हणून जोर दिसला. हे एवढे तत्त्व मनात पक्के झाले, की दोष शोधण्याची साऱ्या कारागिरीची दिशाच बदलते. दाब तयार होत नसेल तर ‘पंप गेला’ हे पहिले उत्तर उरत नाही. ‘तेल वाटेत कुठे निसटते आहे?’ हा पहिला प्रश्न होतो.

त्या तोडणी यंत्रात नेमके तेच घडले होते. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखी रचना. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ती उघडते आणि जादा तेल टाकीत परत पाठवते. बैठकीत रबराचा कण अडकल्याने तिचे तोंड पूर्ण मिटतच नव्हते. तेल थंड आणि घट्ट असताना त्या फटीतून थोडेच निसटे, म्हणून सकाळी यंत्र चाले. तापून पातळ झालेले तेल भराभर निसटे, म्हणून दुपारी पाती मंदावत. झिजलेल्या पंपाचेही लक्षण हेच असते. पात्यांना फिरवणारी हायड्रोलिक मोटर आतून झिजली असती, तरी हेच घडले असते. लक्षण एक आणि कारणे तीन. अशा वेळी कितीही तयार कान असला तरी तो या तिघांत फरक करू शकत नाही. तो फरक गेज आणि प्रवाहमापकच सांगतो. मिस्त्रींचा पंपाविषयीचा संशय चुकीचा नव्हता. तो तपासून पाहण्याची रीत त्यांना कुणी दिली नव्हती.

व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याचा जो उपाय झाला, तो तर धोक्याचा होता. अडकलेला कण कधीकाळी आपोआप सुटला असता, तर त्या आवळलेल्या स्क्रूमुळे दाब सुरक्षित मर्यादेच्या वर गेला असता आणि होज पाइप फुटला असता. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे दवाखान्यातील डॉक्टरांना विचारावे. अतिउच्च दाबाच्या तेलाची बारीक धार दिसतही नाही आणि त्वचा भेदून आत जाते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला वेदनाही फारशी नसते. माणूस हळद लावून कामाला लागतो, आणि आत पसरलेले तेल मांस कुजवीत राहते. ही जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. उशीर झाला तर बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. गळती कुठे आहे हे हाताने चाचपून पाहण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून गळती शोधावी, हे सांगायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट कुणीतरी कुणासाठी काढले पाहिजे. तेलाची शक्ती साठवून ठेवणारी ॲक्युम्युलेटर नावाची टाकी इंजिन बंद केल्यावरही दाब धरून असते. तिचा दाब सोडल्याखेरीज पाना लावायचा नाही, तिच्यात फक्त नायट्रोजनच भरायचा आणि ऑक्सिजन कदापि भरायचा नाही, कारण तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. या गोष्टी अनुभवाने शिकण्यासारख्या नाहीत. त्यांचा अनुभव घेणारा तो सांगायला उरेलच, याची खात्री नसते.

तिसरी बाब स्वच्छतेची. हायड्रोलिक यंत्रणेतील बिघाडांपैकी बहुसंख्य बिघाडांचे मूळ तेलातील घाणीत असते, यावर या क्षेत्रातील जाणकारांचे एकमत आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. उघड्या डोळ्याला साधारण चाळीस मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही, आणि व्हॉल्व्हच्या आतील सरकदांडी व तिचे घर यांतील फट असते अवघ्या काही मायक्रॉनची. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणारे तेलही यंत्राच्या दृष्टीने घाण असू शकते. नवे पिंप फोडले म्हणजे तेल स्वच्छच असणार, ही समजूतही खरी नाही. ते गाळूनच टाकीत भरावे लागते. तेलाच्या स्वच्छतेची प्रत ठरवणारी आयएसओ ४४०६ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. चार, सहा आणि चौदा मायक्रॉनपेक्षा मोठे कण एक मिलिलिटर तेलात किती, यावरून ती ठरते. आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र सुटे भाग कॉटन वेस्टने पुसले जातात आणि त्याचेच तंतू आत जातात. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. न दिसणाऱ्या कणांचे अस्तित्व कुणी दाखवून दिल्याखेरीज पटणार कसे?

मिस्त्रींच्या गरजेची विद्या नेमकी कोणती, हे यावरून स्पष्ट व्हावे. पाना कसा धरावा, सील किट कसे बदलावे, हे त्यांना शिकवायला जाणे म्हणजे त्यांचा अवमान आहे. दुसरीकडे, अभियांत्रिकी महाविद्यालयातील समीकरणे त्यांच्यापुढे मांडणे म्हणजे त्यांची थट्टा आहे. त्यांना हवी आहे मधली पायरी: दाब व प्रवाह यांची नेमकी समज, गेज व प्रवाहमापक लावण्याची रीत, यंत्रणेचा नकाशा वाचण्याची कला, दोष शोधण्याचा क्रम, तेलाची निगा आणि सुरक्षितता. या सहा गोष्टी ज्याच्या हाती आल्या, तो मिस्त्री अंदाजाने सुटे भाग बदलणार नाही. तो आधी मोजेल आणि मगच पाना उचलेल.

यांपैकी नकाशा वाचण्याचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. हायड्रोलिक यंत्रणेचे रेखाचित्र ठरावीक आंतरराष्ट्रीय खुणांनी काढलेले असते. वर्तुळात बाहेरच्या दिशेने टोक केलेला भरीव त्रिकोण म्हणजे पंप, तेच टोक आतल्या दिशेने असेल तर मोटर. ज्याला या खुणा वाचता येतात, त्याला जर्मन, जपानी वा भारतीय कोणतेही यंत्र परके राहत नाही. इंग्रजी येत नसले तरी चालते, कारण चित्राची भाषा सर्वांची असते. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचे आद्य प्रवर्तक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. बेळगावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून प्रवास सुरू करून १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारणारे लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या तंत्रसंस्थेत यांत्रिक आरेखनाचे शिक्षक होते. हाताची कारागिरी आणि कागदावरची रेषा या दोन्ही विद्या एका माणसात एकत्र आल्या, तेव्हा उद्योग उभा राहिला. आज आपण त्या दोन विद्यांची फारकत करून ठेवली आहे. रेषा ओळखणारा खुर्चीत बसतो आणि हात चालवणारा यंत्राखाली झोपतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि तिच्यातून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे विणले गेले. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हायड्रोलिक्सची तोंडओळखही करून दिली जाते. कामावर असलेल्या कामगारांना काही आठवड्यांच्या वर्गांतून पुढचे शिक्षण द्यावे, हा विचारही नवा नाही. केंद्र शासनाने १९७७ साली नेमक्या याच हेतूने प्रगत व्यावसायिक प्रशिक्षण योजना आखली होती. परंतु तिचा लाभ मुख्यतः ज्या मोठ्या कारखान्यांनी आपली माणसे धाडली, त्यांना झाला. स्वतःच्या टपरीवजा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रीला कोण धाडणार?

अलीकडच्या काळात २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि तिच्यात पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. कामातून शिकलेल्या माणसाच्या ज्ञानाला देशाने मान्यता द्यावी, ही कल्पना स्वागतार्हच आहे. तथापि मान्यता म्हणजे शिक्षण नव्हे. जे येते त्यावर शिक्का मारल्याने, जे येत नाही ते येऊ लागत नाही. मिस्त्रींच्या भिंतीवर चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र लागले, म्हणून अडकलेला रबराचा कण सापडला नसता.

आणखी एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचा प्रारंभ झाला. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांचा तिच्यात समावेश आहे. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, पुढचे पंधरा दिवसांचे वा अधिक, आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये विद्यावेतन अशी तिची रचना आहे. यातील विद्यावेतनाचे तत्त्व अत्यंत मोलाचे आहे. हातावर पोट असलेला माणूस वर्गात येऊन बसतो, तेव्हा तो त्या दिवसाची रोजी सोडून आलेला असतो, हे शासनाने येथे स्पष्टपणे मान्य केले. परंतु या अठरा व्यवसायांत यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. लोहाराचा नातू आज हातोडा सोडून पोकलेन दुरुस्त करतो. विश्वकर्म्याचे नाव घ्यायचे, तर भाता फुंकणाऱ्या आजोबांइतकाच गेज वाचू पाहणारा हा नातूही त्याचाच वंशज आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

येथे स्वदेशीचा प्रश्नही उपस्थित होतो. यंत्र आपल्या देशात जोडले गेले, त्यावर भारतीय बनावटीची मुद्रा उमटली, एवढ्याने स्वावलंबन पूर्ण होत नाही. ते बिघडल्यावर दुरुस्त करण्याची विद्या आपल्या गावात नसेल, त्याचा नकाशा कुलूपबंद असेल आणि प्रत्येक वेळी दूरच्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत असेल, तर ते परावलंबनच होय. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे व यंत्रे हे तिच्या विचारार्थ ठेवलेल्या चार क्षेत्रांपैकी एक होते. ही दिशा योग्य आहे. परंतु हक्काने नकाशा हाती आला आणि तो वाचताच आला नाही, तर त्या हक्काचा उपयोग काय? दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीची विद्या यांची सांगड घातली गेली पाहिजे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट वेळेची. महाराष्ट्रात या कामाला निसर्गानेच सुटी नेमून दिलेली आहे. गाळप हंगाम संपला की तोडणी यंत्रे शेडमध्ये येतात, पाऊस लागला की खोदाईची कामे मंदावतात. आषाढ-श्रावणातले सहा-आठ दिवस मिस्त्रींना काढता येतात. त्या दिवसांत आयटीआयच्या कार्यशाळेत, शिकवणाऱ्या निदेशकाच्या जोडीला एखादा निवृत्त फोरमन घेऊन वर्ग भरवणे अशक्य नाही. साखर कारखान्यांच्या माणसांना शिकवण्याचा अनुभव मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला अनेक दशकांचा आहे. कारखाने, ही संस्था आणि आयटीआय एकत्र आले, तर ऊस पट्ट्यातील प्रत्येक जिल्ह्यात असा वर्ग उभा राहू शकतो.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला फळ्यासमोर हाताची घडी घालून बसवले, तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्याच्यासमोर मधोमध कापलेला जुना पंप ठेवावा. पारदर्शक नळ्यांतून वाहणारे तेल दाखवावे. चालत्या मांडणीत मुद्दाम एक दोष घालून द्यावा आणि तो शोधायला सांगावा. आधी त्याचे निदान ऐकावे, मग गेज लावून दोघांनी मिळून पाहावे. गेजच्या काट्याने त्याचे निदान खरे ठरवले तर त्याचा मान वाढतो. खोटे ठरवले, तरी ते यंत्राने सांगितलेले असते, मास्तराने नव्हे. अंतिम परीक्षाही अशीच असावी. कागदावरचे चार पर्याय नकोत. तीन दोष घातलेले यंत्र आणि ठरलेला वेळ द्यावा.

तिसरी गोष्ट भाषेची. आयटीआयच्या नवशिक्यांसाठी मराठी पुस्तके तयार होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. अनुभवी मिस्त्रींसाठी मात्र मराठीत वाचण्याजोगे फार थोडे आहे. येथे भाषाशुद्धीचा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंप, व्हॉल्व्ह, गेज, सील हे शब्द कामगाराच्या जिभेवर रुळले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. समजावून सांगणारे वाक्य मात्र त्याच्या मायबोलीतले असले पाहिजे. शब्द बाहेरचा असला तरी माणूस तो आपलासा करून घेतो. विचार कळण्यासाठी त्याला स्वतःचीच भाषा लागते.

चौथी गोष्ट मालकवर्गाच्या मनातील भीतीची. ‘माणूस शिकवून तयार केला आणि तो दुसरीकडे गेला तर?’ असा प्रश्न लहान उद्योजक नेहमी विचारतात. भीती खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु न शिकवलेला माणूस आपल्याकडेच राहिला, तर चांगला पंप भंगारात जातो, हंगामाचे दिवस वाया जातात आणि कधी एखाद्याचा हात जायबंदी होतो. हा खर्च कोणत्याही वहीत ‘अज्ञान’ या नावाने लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही, इतकेच. एकेकट्या मालकाला हा भार जड वाटत असेल, तर एका वसाहतीतील दहा-बारा उद्योजकांनी मिळून वर्ग चालवावा. मग माणूस इकडून तिकडे गेला, तरी विद्या त्याच परिसरात राहील.

आणि अखेरची गोष्ट आपल्या सर्वांची, मध्यमवर्गीय घरांची. श्रमप्रतिष्ठेवर आपण भाषणे ऐकतो, देतोही. परंतु घरातला मुलगा अभियंता झाला हे सांगताना जो आवाज चढतो, तोच पुतण्या मिस्त्री झाला हे सांगताना खाली येतो. जर्मनीत ‘माइस्टर’ ही कारागिराची पदवी पात्रतेच्या राष्ट्रीय चौकटीत विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्या पातळीवर मानली जाते. तिथे मिस्त्रीला पुढची पायरी आहे, म्हणून मानही आहे. आपल्याकडे पायरीच नाही, मग मान कोठून येणार? आदराचे शब्द पुष्कळ झाले. आता त्याला चढता येईल अशी पायरी बांधून देणे, हाच खरा आदर होय.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजण आयटीआयमध्ये शिकवतात, कारखान्यांत अधिकारपदावर आहेत, सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, काही नुकतेच निवृत्त झाले आहेत. आपापल्या तालुक्यात येत्या पावसाळ्यात वीस मिस्त्रींचा एक वर्ग भरवण्यास लागते ते काय? एक शेड, एक जुने यंत्र, दोन गेज, एक प्रवाहमापक, जाणकार शिक्षक आणि त्या दिवसांची रोजी देणारे चार दाते. शासनाची योजना येईल तेव्हा येईल. तोवर समाजाने आपल्या बळावर एवढे करून दाखवावे.

त्या अठरा वर्षांच्या मिस्त्रींना आम्ही नंतर विचारले, असा वर्ग निघाला तर याल का? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मी येईनच. पण माझ्या पोरालाही बसू द्याल का? तो आत्ताच हेल्पर लागलाय. त्याची अठरा वर्षं तरी वाचतील.”